पोरं नियमांवर भांडतायत? भांडू द्या!

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, आणि रागवायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून रागवा.

आपल्या पालकांकडून एक तक्रार सारखी ऐकू येते. "मुलगा दर शनिवारी मित्राकडे डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला जातो. चार तासांतला एक तास नुसती हुज्जत! पुस्तकातल्या एका ओळीचा अर्थ काय, यावर. त्यापेक्षा मॅथचा क्लास बरा." लगेच सल्ले सुरू होतात. बंद करा. वाद घालायची सवय लागते. आज मित्रांशी भांडतात, उद्या आपल्याला उलट बोलतील.

माझं म्हणणं सरळ आहे. त्या चार तासांतला सगळ्यात मोलाचा तास तोच हुज्जतीचा आहे. बंद करायचंच असेल तर दुसरं काहीतरी बंद करा.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली हा खेळ बाजारात आणला, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा गावातून. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र. एक जण 'डंजन मास्टर', म्हणजे सूत्रधारही तोच आणि पंचही तोच. लढाई आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि वार लागला की नाही ते ठरवायचं. नियमपुस्तक तीनशेहून जास्त पानांचं आहे, तरी ते पुरत नाही. बुद्धिबळात घोडा अडीच घरंच जातो, तिथे वादाला जागा नाही. इथे खेळाडू म्हणतो, "मी झुंबराला लटकून राक्षसाच्या डोक्यावर उडी मारतो." पुस्तक लिहिणाऱ्याने एवढं सगळं आधी कसं लिहून ठेवावं?

पोरं भांडतात कशावरून, ते एकदा नीट बघा. २०१४ च्या आवृत्तीतला एक गाजलेला घोळ सांगते. अदृश्य झालेल्या पात्राबद्दल नियमात दोन स्वतंत्र मुद्दे होते. पहिला: जादू किंवा खास इंद्रिय असल्याशिवाय त्याला कोणी पाहू शकत नाही. दुसरा: त्याने वार केला तर फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा, आणि त्याच्यावर कोणी वार केला तर दोनदा टाकून लहान आकडा घ्यायचा. आता समजा, समोरच्याकडे अदृश्य गोष्टी दिसण्याचा मंत्र आहे. त्याला हा गडी स्वच्छ दिसतोय. मग दुसऱ्या मुद्द्याचा फायदा मिळायचा की नाही?

एक पोरगा म्हणतो, "दिसत असेल तर फायदा कसला? दिसत नाही म्हणूनच तर तो दिलाय." दुसरी म्हणते, "'म्हणून' हा शब्द पुस्तकात कुठे आहे ते दाखव. दोन मुद्दे वेगळे लिहिलेत. पहिला रद्द झाला म्हणून दुसरा आपोआप रद्द होत नाही."

दोघांचंही पटतं ना? खेळाच्या नियमांचे तेव्हाचे प्रमुख जेरेमी क्रॉफर्ड यांनी शब्दशः अर्थ धरला: फायदा मिळतो. जगभरचे खेळाडू कुरकुरले. २०२४ च्या नव्या पुस्तकात नियमच बदलला: ज्याला तुम्ही दिसता, त्याच्याविरुद्ध हा फायदा नाही. म्हणजे आधी शब्द जिंकला, दहा वर्षांनी हेतू जिंकला. वकिलीच्या शिक्षणात शिकवतात तो प्रश्न हाच, की कायद्याचा शब्द मोठा की कायद्याचा हेतू. आपली पोरं तो आठवीत, चिप्स खात, फुकट शिकतायत.

"पण हे आपल्या संस्कृतीत नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी.

पहिली गोष्ट मीमांसेची. वाक्याचा अर्थ कसा लावायचा, हाच त्या शास्त्राचा धंदा. दोन वचनं भिडली तर कोणतं बलवान, याची जैमिनीने उतरंड लावून दिली आहे: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या. स्पष्ट शब्द सगळ्यात वर, संदर्भावरून काढलेला अर्थ त्याच्या खाली. ढोबळमानाने पाहिलं तर वरच्या वादातली मुलगी श्रुतीच्या बाजूने उभी आहे आणि मुलगा प्रकरणाच्या. सामान्य नियमाला 'उत्सर्ग' म्हणायचं आणि अपवाद त्याच्यावर मात करतो, हेही आपल्या व्याकरणकारांनी कधीच सांगून ठेवलंय. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पुस्तकात हेच तत्त्व इंग्रजीत छापलंय: विशेष नियम सर्वसाधारण नियमाला हरवतो. चिपळूणजवळच्या परशुराम गावी जन्मलेले पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास लिहिला आणि शेवटच्या खंडात अर्थ लावायच्या या नियमांचा ऊहापोह केला. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. आपण त्यांचा अभिमान बाळगायचा आणि तेच काम करणाऱ्या पोराला "कीस पाडू नकोस" म्हणायचं?

दुसरी गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. गदायुद्धात नाभीखाली वार करायचा नाही, हा नियम. भीमाने दुर्योधनाची मांडी फोडली. बलराम नांगर घेऊन धावला, कारण नियम मोडला. कृष्णाने त्याला आवरलं आणि भीमाच्या प्रतिज्ञेची आठवण दिली. नियम मोठा की भर सभेत केलेली प्रतिज्ञा? बलरामाला ते काही पटलं नाही, तो रथात बसून द्वारकेला निघून गेला. व्यासांनी तो वाद गुंडाळून टाकला नाही, आपल्यापुढे तसाच ठेवला. लढाईच्या नियमाचा अर्थ काय, यावर आपण शेकडो वर्षं भांडतोय आणि त्याला संस्कार म्हणतोय. पोरं भांडली की मात्र वेळेचा अपव्यय!

आता आपल्या स्वतःच्या घरात बघू. ग्रीन कार्डच्या रांगेतल्या घरांमध्ये दर महिन्याला व्हिसा बुलेटिनचा कीस पाडला जातो. मूल २१ वर्षांचं झालं की आईबाबांच्या अर्जातून बाहेर पडतं. त्याला थोडं संरक्षण मिळावं म्हणून २००२ साली कायदा झाला. व्हिसा नंबर 'उपलब्ध' होतो त्या वेळचं वय धरायचं आणि अर्ज मंजूर व्हायला जितका काळ गेला तो वजा करायचा. पण उपलब्ध म्हणजे कधी? बुलेटिनमध्ये तक्ते दोन. फेब्रुवारी २०२३ मध्ये यूएससीआयएसने ठरवलं की अर्ज भरण्याच्या तारखांचा तक्ताही यासाठी धरता येईल. १५ ऑगस्ट २०२५ पासून येणाऱ्या अर्जांसाठी पुन्हा अंतिम तारखांचाच तक्ता. कायद्यातलं अक्षरही बदललं नाही, बदलला तो फक्त अर्थ. त्या एका शब्दावर कुणाचं मूल इथे राहणार आणि कुणाचं नाही, हे ठरतं.

ज्या समाजाचं आयुष्य असल्या शब्दांवर टांगलेलं आहे, त्या समाजाने मुलांना "नियमाचा अर्थ विचारू नकोस" हे शिकवणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. उद्या हीच मुलं भाड्याचा करार वाचतील, नोकरीचं पत्र वाचतील, इन्शुरन्सने नाकारलेला क्लेम वाचतील. तिथे मॅथच्या क्लासचा जितका उपयोग, त्याहून जास्त "हा शब्द इथे काय म्हणतो?" या प्रश्नाचा.

कुणी म्हणेल, काही पोरं नुसती जिंकण्यासाठी शब्द पिरगाळतात. खरं आहे. न्यायशास्त्राने त्यासाठीच तीन वेगळी नावं ठेवली आहेत. सत्य शोधायला करतात तो वाद, जिंकायला करतात तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त समोरच्याचं मोडायचं ती वितंडा. आपलं मूल काय करतंय हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे. त्याने लावलेला अर्थ राक्षसाच्या बाजूने गेला, तरी त्याला तो मान्य आहे का? असेल तर तो वाद. खेळाचा पंच हेच बघतो, आणि तुमच्या पात्राला लागू तो नियम राक्षसालाही लागू करतो. शिवाय टेबलावर त्याचा शब्द अखेरचा. पुढची चर्चा खेळ संपल्यावर. भांडायचं, निर्णय मानायचा आणि पुन्हा एकत्र खेळायचं. खरं सांगा, आपल्या मंडळाच्या मीटिंगा अशा होतात का? वितंडा बघायची असेल तर पोरांकडे नको, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जा.

मग काय करायचं? शनिवारी मूल घरी आलं की "कोण जिंकलं?" विचारू नका. या खेळात तसं कोणी जिंकतही नाही. "आज कशावरून भांडलात?" हे विचारा, आणि मराठीत सांगायला लावा. नियमात शब्द काय आहेत? तो नियम कशासाठी केला असेल? तोच अर्थ उद्या तुझ्यावर उलटला तर चालेल का? ज्या मुलांचं मराठी "जेवायला ये" आणि "आजीशी बोल" एवढ्यावर अडलंय, त्यांना अर्थ, हेतू, अपवाद हे शब्द वापरायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही. सुरुवातीला अर्धं इंग्रजी येईल. येऊ दे.

आणि शेवटचं, जे आपल्याला सगळ्यात जड जाणार आहे. घरात "नऊनंतर फोन नाही" असा नियम तुम्ही केलात, आणि मुलीने विचारलं, "फोनवर होमवर्क बघितलं तर तो फोन का?", तर "मी सांगतोय म्हणून" हे उत्तर नव्हे. पंच तुम्हीच आहात, निर्णय तुमचाच चालेल. पण निर्णयाला कारण द्या, आणि तो स्वतःलाही लावा. नऊनंतर तुमच्या हातातही फोन दिसता कामा नये.

उलट बोलणारं मूल नको म्हणून आपण नियमपुस्तक काढून घेतलं, तर ते गप्प बसेल हे नक्की. पण ते सगळीकडेच गप्प बसेल, ऑफिसातही आणि सरकारी खिडकीसमोरही. ठरवा काय हवंय.

पटत नसेल तर खाली भांडा. पण कसोटी तीच: तुमचा मुद्दा तुमच्यावरच उलटला तरी मान्य असेल, तरच लिहा.