जानेवारीतला ताळेबंद

निवृत्तीनंतर २०१८ च्या हिवाळ्यात अमेरिकेत मुलीकडे सेंट लुईसला होतो. तिथे मला आईस हॉकीचे वेड लागले. पण ३ जानेवारी २०१९ च्या सकाळी आमचा ‘ब्लूज’ संघ ३१ संघांत तळाला होता. १९६७ पासून खेळणाऱ्या या संघाने स्टॅन्ले चषक एकदाही जिंकला नव्हता. बँकेतल्या सवयीने मी मनातच शेरा मारला, ‘बुडीत कर्ज’, आणि सामने पाहणे सोडले. जावई मात्र रोज टीव्हीसमोर बसायचा.

७ जानेवारीला बिनिंग्टन या नवख्या गोलरक्षकाला प्रथमच सुरुवातीपासून उतरवले. त्याने एकही गोल होऊ दिला नाही. पुढे संघाने सलग ११ सामने जिंकले. १२ जूनला बोस्टनमध्ये अंतिम फेरीचा सातवा सामना ४-१ असा जिंकून चषकही मिळवला.

जावई ओक्साबोक्शी रडला. मी टाळ्या वाजवल्या, पण त्या आनंदावर माझा हक्क नव्हता.

वाचकहो, ताळेबंद मार्चअखेरीस मांडायचा, हे मी नोकरीभर इतरांना शिकवले. तरीही किती कर्जदारांचे, आणि घरातल्या माणसांचेही, खाते मी जानेवारीतच मिटवले असेल? त्या रात्री मला झोप लागली नाही.