फ्रेडरिक्सचं खरं नाव काय?

परवा आमच्या विंगमध्ये सहज एक प्रश्न टाकला. 'सीआयडी'मधल्या फ्रेडरिक्सचं खरं नाव काय? लगेच दोघांनी 'दया, दरवाजा तोड दो' म्हणून दाखवलं. एकाने भुताला आणि बायकोला घाबरणाऱ्या फ्रेडीची मस्त नक्कल केली. नाव मात्र एकालाही सांगता आलं नाही! खरं सांगायचं तर, २०२३ च्या डिसेंबरपर्यंत मलाही ते माहीत नव्हतं.

दिनेश फडणीस. आपलाच मराठी माणूस. 'सीआयडी' जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली. दीड हजारावर भाग झाले. फडणीसांनी फ्रेडरिक्स तर केलाच, काही भागांचं लेखनही केलं. 'सरफरोश', 'सुपर ३०' अशा सिनेमांत छोटी कामं केली. ५ डिसेंबर २०२३ ला मुंबईत, यकृताच्या आजाराने, वयाच्या ५७ व्या वर्षी ते गेले. बातमी काय आली? 'सीआयडीतला फ्रेडरिक्स गेला.' माणूस गेला तेव्हाही पात्राचंच नाव आधी!

आता कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? साइड रोल तो साइड रोलच. पण जरा विचार करा. दर भागात एक खून, एक प्रेत, साळुंखेंची लॅब. घरातली लहान पोरंसुद्धा ते बघायची, कारण मध्येच फ्रेडी काहीतरी गोंधळ घालायचा आणि सगळे हसायचे. तो नसता तर मालिका फार जड झाली असती. आणि तेच पात्र वीस वर्षं कंटाळा न दाखवता करायचं, हे काय सोपं काम आहे?

मी लातूरचा. आमच्याकडे निकाल लागला की चौकाचौकात मेरिटवाल्यांचे फ्लेक्स लागतात. लातूर पॅटर्नचा मला अभिमान आहे, पण त्या फ्लेक्सवर न आलेला पोरगा वाया गेला असं लहानपणापासून डोक्यात बसतं. इथे नांदेडला आलो तर तेच. फक्त मेरिटच्या जागी पॅकेज आलं. परीक्षेत मागे पडलो की रूमचं दार लावून बसणारे मित्र आपण सगळ्यांनीच पाहिलेत. त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे की बाबा, जगातली बहुतेक कामं फ्लेक्सवर न आलेली माणसंच करतात, आणि नीट करतात.

हे आळसाला पांघरूण नाही. फडणीस वीस वर्षं सेटवर उभे राहिले. छोटी भूमिका म्हणजे कमी मेहनत, असं नसतं.

डिसेंबर २०२४ मध्ये 'सीआयडी' परत सुरू झाली. एसीपी आले, दया आला, अभिजीत आला. फ्रेडी नव्हता, आणि तो नाही हे पहिल्याच भागात जाणवलं.

म्हणून एक साधी सूचना. यंदा गॅदरिंगनंतर याच अंकात लाइटवाले, पडदा ओढणारे, खुर्च्या लावणारे, सगळ्यांची नावं छापा. टोपणनावं नकोत, खरी नावं. आणि मेसमध्ये रोज पोळ्या वाढणाऱ्या मामांचंही नाव विचारून घ्या. मी चौथ्या वर्षाला आहे, आणि मलाही ते कालच कळलं.