वही जुळते, पण माल आहे का?



गेल्या महिन्यात कल्याणच्या एका धान्य व्यापाऱ्यांचे चिरंजीव डोंबिवलीला माझ्या घरी आले होते. एका नव्या आभासी चलनात पाच लाख रुपये गुंतवावेत, असा आग्रह त्यांना कोणी केला होता; दरमहा ठरावीक परताव्याचे आश्वासनही होते. “काका, सगळे व्यवहार ब्लॉकचेनवर नोंदले जातात, त्यात फेरफार करताच येत नाही. मग फसवणूक कशी होईल?” असे त्यांनी विचारले. या विधानाचा पहिला भाग बराचसा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घातक आहे.

ब्लॉकचेन समजण्यासाठी संगणकाची भाषा यावी लागत नाही, रोजमेळ ठाऊक असला तरी पुरे. आजची अखेरची शिल्लक ही उद्याची आरंभीची शिल्लक असते. म्हणून जुन्या पानावरील एक आकडा बदलला, तर पुढची सर्व पाने बदलावी लागतात. ब्लॉक म्हणजे असे एक पान आणि चेन म्हणजे पानापानांना जोडणारी ही साखळी.

शिल्लक जुळवण्यात मात्र एक पळवाट राहते. एका नावावर शंभर रुपये वाढवून दुसऱ्या नावावरून तेवढेच कमी केले, तर बेरीज तीच येते. ब्लॉकचेनमध्ये म्हणून बेरजेऐवजी संपूर्ण पानाचा ‘हॅश’, म्हणजे गणिती ठसा, काढतात. बिटकॉइनच्या पद्धतीत तो ६४ अंकाक्षरांत लिहिला जातो. पानावरील एक स्वल्पविराम जरी हलला तरी ठसा पूर्ण बदलतो. प्रत्येक पानावर मागील पानाचा ठसा नोंदलेला असल्याने खाडाखोड तत्काळ उघडी पडते.

दुसरी योजना अशी की ही वही एकाच पेढीत नसते. तिच्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर असतात. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी ही रचना मांडली गेली आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनचे पहिले पान लिहिले गेले. अर्थात, सर्व प्रती एकाच मालकाच्या ताब्यात असतील, तर तो पुन्हा हवे ते लिहू शकतो. केवळ ‘ब्लॉकचेन’ या नावाने सुरक्षितता येत नाही.

या साधनाचा उपयोग आपल्या राज्यातही झाला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ मध्ये प्रशासनाने सुमारे ६५ हजार जात-प्रमाणपत्रे ‘पॉलिगॉन’ या साखळीवर नोंदवण्याचा उपक्रम हाती घेतला. दाखवलेला दाखला मूळ नोंदीशी जुळतो की नाही, हे त्यामुळे पडताळता येते. येथे नोंद करणारा अधिकारी कोण, हे ठाऊक असते, ही गोष्ट महत्त्वाची.

आता खरा मुद्दा. बँकेत असताना मी एका कर्जदाराच्या गोदामाच्या तपासणीस गेलो होतो. मालाचे विवरणपत्र निर्दोष होते, बेरजा चोख होत्या. पुढच्या रांगेतील पोत्यांत तांदूळ होता. मागच्या रांगांत कोंडा निघाला. वही जुळली होती, माल नव्हता. ब्लॉकचेनचेही तसेच आहे. लिहिलेले कोणी बदलू नये, याची ती काळजी घेते. जे लिहिले ते खरे होते का, हे ती सांगू शकत नाही.

‘गेनबिटकॉइन’ योजनेत दरमहा १० टक्के परतावा, तोही १८ महिने, देण्याचे आश्वासन होते. २०१८ साली पुणे पोलिसांनी त्या प्रकरणी अटक केली. बिटकॉइनची साखळी कोठेही तुटली नव्हती; मोडले ते माणसांनी दिलेले वचन. त्याच वर्षी ठाणे पोलिसांनीही एका आभासी चलनाच्या योजनेवर कारवाई केली होती.

१ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो. परंतु कर लागतो म्हणजे सरकारने हमी दिली, असे कोणी समजू नये.

मी त्या चिरंजीवांना तीन प्रश्न लिहून दिले. या वहीत नोंद कोण करतो? वहीच्या प्रती कोणाकोणाकडे आहेत? आणि दरमहाचा परतावा कोणत्या व्यापारातील नफ्यातून येणार? त्यांनी ते संबंधितांना विचारले. पहिल्या दोघांची लांबलचक उत्तरे आली, तिसऱ्याचे आलेच नाही. पाच लाख रुपये अखेर दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यात भरले गेले. त्यावरचे व्याज त्या दिवसापासून वाचू लागले, आणि हा लाभ कोणाच्याही आश्वासनावर अवलंबून नाही.