सिंगल साइन-ऑन: प्रश्न नीट विचारला, पण उत्तर कोण तपासणार?

मार्च 2025 मध्ये गिटहबच्या सुरक्षा टीमने रुबी-सॅमल या ओपन सोर्स लायब्ररीतल्या दोन त्रुटी जाहीर केल्या. एका संस्थेची एकच वैध सही हाती लागली, तरी तिथल्या कोणाच्याही नावाने लॉगिन करता येईल, इतक्या त्या गंभीर होत्या. लायब्ररीची 1.18.0 आणि 1.12.4 ही दुरुस्त व्हर्जन्स आली, गिटलॅबनेही पॅच काढला. बातमी वाचल्यावर मी आधी काय केलं असेल, तर स्वतःच लिहिलेला एक जुना लॉगिन कोड उघडला.

भानगड काय होती ते थोडक्यात. ही लायब्ररी एकच एक्सएमएल दोन वेगवेगळ्या पार्सरकडून वाचून घेत होती. मजकूर चलाखीने रचला की एकाला एक सही दिसायची, दुसऱ्याला दुसरीच. तपासणी पास! त्याआधी सप्टेंबर 2024 मध्येही याच लायब्ररीत सही तपासण्यातलीच त्रुटी सापडली होती.

आता माझा कोड. एका शिक्षणसंस्थेच्या पोर्टलला मी सिंगल साइन-ऑन जोडून दिलं होतं. पोर्टल स्वतः पासवर्ड विचारत नाही. ते युजरला ओळख देणाऱ्या सर्व्हरकडे पाठवतं आणि तिथून सही केलेलं उत्तर येतं. लॅबमध्ये एक विद्यार्थी पोर्टलमधून लॉगआउट करून उठला, दुसरा बसला, लॉगिनवर क्लिक केलं, तर समोर पहिल्याचेच मार्क! पोर्टलमधून तो बाहेर पडला होता, पण ओळख देणाऱ्या सर्व्हरवर त्याचं सेशन चालूच होतं.

उपाय सोपा वाटला. जाणाऱ्या रिक्वेस्टमध्ये फोर्स-ऑथेन ट्रू करायचं, म्हणजे दरवेळी नव्याने पासवर्ड विचारला जातो. लायब्ररीत एका ओळीचं सेटिंग. हौसेने मी आणखी एक ओळ टाकली, 'पासवर्डनेच लॉगिन हवं' अशी. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांचे फोन सुरू. त्यांचं लॉगिन मायक्रोसॉफ्टकडे होतं आणि काहीजण लॅपटॉपला बोट लावून आत येत होते. मागितलेली पद्धत आणि वापरलेली पद्धत जुळेना, म्हणून एएडीएसटीएस75011 हा एरर. ती ओळख-पद्धतीची ओळ काढली आणि काम संपलं असं समजलो.

संपलं नव्हतं. ही रिक्वेस्ट युजरच्याच ब्राउझरमधून, पत्त्याला चिकटून जाते. म्हणजे तलाठ्याला लिहिलेली चिठ्ठी अर्जदाराच्याच हातात द्यायची, तीही उघडी. ती फक्त कॉम्प्रेस करून एन्कोड केलेली असते, एन्क्रिप्ट केलेली नाही. सही नसेल तर कोणीही ती उलगडून फोर्स-ऑथेन खोडू शकतो, आणि पुढचा सर्व्हर जुन्याच सेशनवर 'हो, हा तोच' असं खरंखुरं, सही केलेलं उत्तर देतो. कस्टमाइझ केलेली रिक्वेस्ट ही विनंतीच असते. ती पाळली गेली का, हे उत्तरातल्या ऑथेन-इन्स्टंट या वेळेवरून आपणच बघायचं असतं. मी ते बघतच नव्हतो.

आणखी एक गोष्ट सापडली. येणारं उत्तर आपल्याच रिक्वेस्टचं आहे का, हे रुबी-सॅमल तपासते, पण आपण रिक्वेस्टचा आयडी जपून ठेवून तिला दिला तरच. नाही दिला तर ती गप्प बसते. माझ्या कोडमध्ये तो दिलेलाच नव्हता. वर्षभर कोणाला कळलं नाही, कारण सगळं 'चालत' होतं.

व्हर्जन बदलायला दहा मिनिटं लागली. बाकीच्याला दीड दिवस. आता ओळख पटवल्याची वेळ दोन मिनिटांपेक्षा जुनी असेल तर पोर्टल युजरला परत पाठवतं. पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांनाच परत पाठवलं, कारण आमच्या सर्व्हरचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं.