हे छापण्याआधी कोणी वाचले होते काय?

‘निवडणुक’, ‘अधिक्षक’, ‘परिक्षा’, ‘क्रिडा’, ‘आशिर्वाद’, ‘उज्वल’, ‘जेष्ठ’, ‘विद्यार्थीनी’. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्याच्या गावी सकाळी एस. टी. स्टँडवर जा, तिथली स्थानिक दैनिके विकत घ्या आणि पहिले पान उघडा. यांतले चार-दोन शब्द याच रूपात तुमच्यापुढे उभे राहतील, आणि तेही कुठे कोपऱ्यातल्या बारीक मजकुरात नव्हे, ठळक मथळ्यात! एकाच बातमीत एकाच माणसाचे आडनाव मथळ्यात एक, मजकुरात दुसरे आणि छायाचित्राखाली तिसरे असते. गावाचा तालुका बदललेला असतो. तारीख आणि वार यांचा मेळ नसतो. दुसऱ्या दिवशी या चुकांचा खुलासा शोधावा, तर तो नाही, दिलगिरी नाही, उलट तसल्याच चुकांची ताजी भर आहे. याला अनवधान म्हणण्याचे दिवस संपले. ही बेपर्वाई आहे. रोजची, ठरवून चालवलेली, वाचकाच्या पैशांवर पोसलेली बेपर्वाई!

हा विषय काढला की दोष तालुक्याच्या वार्ताहराच्या माथी मारला जातो. त्याला लिहिता येत नाही म्हणे! अहो, त्या वार्ताहराला तुम्ही देता काय? मानधन तुटपुंजे, वर जाहिराती आणण्याचा तगादा. तो दुचाकीवरून गावोगाव हिंडतो, रस्त्याच्या कडेला उभा राहून मोबाइलवर बोलून बातमी पाठवतो. यंत्राला ऐकू येते तसे उतरते आणि ते तसेच पानात बसते. त्याच्या बोटांची किंवा त्याच्या मोबाइलची चूक होणारच. लिहिणाऱ्याची चूक होते, घाईत तर हमखास होते, हे छापखान्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. म्हणून तर छापखान्याने मुद्रितशोधक नावाचा माणूस निर्माण केला. त्या माणसाला घरी कोणी बसवले, हा खरा प्रश्न आहे.

खिळ्यांच्या काळात मजकूर जुळला की गॅलीवरून कच्चा छाप निघे. एकजण मूळ प्रत मोठ्याने वाची, दुसरा छापावर नजर रोखून समासात खुणा करी. खिळे बदलले जात, पुन्हा छाप निघे, पुन्हा वाचन होई. रात्री दोन वाजता एका वेलांटीसाठी यंत्र थांबवण्याचा अधिकार या माणसाला असे आणि उपसंपादक त्याला वचकून असत. या कामाची किंमत देशाच्या कायद्यालाही कळली होती. १९५५च्या श्रमिक पत्रकार कायद्याने ‘पत्रकार’ कोणाला म्हणायचे याची जी व्याख्या केली, तीत संपादक, अग्रलेखक, वार्ताहर यांच्या पंक्तीला मुद्रितशोधकही होता. कायद्याने ज्याला पत्रकार म्हटले, त्याला मालकांनी खर्च म्हटले. संगणक आले, पानजुळणी पडद्यावर होऊ लागली आणि हिशेबाच्या वहीतली पहिली काट या पदावर पडली. ‘आता संगणकच चुका दाखवील’ असे तेव्हा सांगण्यात आले. कुठे दाखवतो? उलट जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार जागचा हलतो, जोडाक्षरे फुटतात, ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याचा सत्कार आचार्याच्या नावे लागतो. यंत्राला यात काही वावगे दिसत नाही. ते दिसायला मराठी जाणणारा माणूसच लागतो, आणि त्या खुर्चीवर आज कोणी बसलेले नाही.

‘भाव कळला ना, मग झाले!’ ही यावरची सर्वात निर्लज्ज सबब. नाही, झाले नाही! ‘जामीन नामंजूर’ यातला ‘ना’ गळाला की न्यायालयाचा निकाल उलटा होतो. बाजारभावाच्या चौकटीत कांद्याच्या दरावर एक शून्य जास्त पडले, तर त्या आकड्यावर भरवसा ठेवून शेतकरी टेम्पो भरतो, भाडे भरतो आणि मार्केट यार्डात येऊन कपाळाला हात लावतो. जमिनीच्या जाहीर नोटिशीत गट नंबरचा एक आकडा फिरला, तर ज्याची जमीन जाणार त्याला मुदत संपेपर्यंत पत्ताच लागत नाही. गुन्ह्याच्या बातमीत आडनावाचे एक अक्षर बदलले की दुसऱ्याच घराच्या दारात लोक जमतात. आणि निधनवार्तेत मृताचे नाव चुकले, तर ते कुटुंब काय करील? ते कात्रण त्यांना जन्मभर जपून ठेवायचे असते. माणसाचे नाव छापील कागदावर एकदाच, शेवटचे येते आणि तेही तुम्हाला नीट लिहिता येत नाही! कोणता ‘भाव’ कळला इथे?

आमचा आरोप ह्रस्व-दीर्घापुरता नाही. तो याहून मोठा आहे. ज्या पानावर ‘निवडणूक’ हा शब्द चुकलेला आहे, ते पान कोणी वाचलेच नव्हते, एवढे त्या शब्दावरून सिद्ध होते. जे वाचले नाही ते तपासले कसे असेल? ज्याने वेलांटी पाहिली नाही, त्याने आरोपीचे वय पाहिले असेल काय? निविदेची रक्कम पडताळली असेल काय? पाणी किती दिवसांनी येणार, ते नगरपालिकेला पुन्हा विचारले असेल काय? शब्दातली चूक वाचकाला डोळ्यांनी दिसते. माहितीतली चूक दिसत नाही, आणि दोन्ही एकाच हलगर्जीपणातून येतात. खडे न निवडता रांधलेला भात पाहुण्याच्या पानात वाढावा, तसा हा कारभार आहे. लोक वर्तमानपत्रावर विश्वास ठेवत नाहीत, मोबाइलवरच्या अफवांवर ठेवतात, म्हणून परिसंवादांतून गळा काढणाऱ्या संपादकांनी आधी आपले कालचे पान तांबड्या पेनाने वाचून काढावे.

दुसरी सबब अधिक चतुर आहे. शुद्धलेखनाचा आग्रह म्हणजे मूठभरांची मिरास, बहुजनांच्या बोलीवर उगारलेला बडगा, असे सांगितले जाते. या आक्षेपामागे इतिहास आहे आणि आम्ही तो नाकारत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीराव फुल्यांच्या विचारांना उत्तर देताना त्यांच्या व्याकरणाची टर उडवली, ती वृत्ती तेव्हाही हीन होती, आजही हीनच आहे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचे म्हणणे वऱ्हाडीत छापा, अहिराणी अहिराणीत छापा, मालवणी बाईचे शब्द तिच्याच उच्चारांनी छापा. ती मराठीची दौलत आहे. पण ‘अधिक्षक’ ही कोणत्या गावची बोली? ‘विद्यार्थीनी’ कोणत्या शिवारात उगवली? बोली बोलणारा आपल्या बोलीत चुकत नाही. त्याची भाषा नेमकी असते. तुम्ही प्रमाण मराठीत छापता, ती धड छापत नाही, आणि पकडले गेलात की बहुजनांच्या पाठीमागे लपता. बहुजनांच्या मुलांनाच या गुन्ह्याची सर्वात मोठी किंमत मोजावी लागते. ज्या घरात पुस्तकांचे कपाट नाही, तिथे छापील मराठी येते ती या दैनिकातूनच. गावच्या वाचनालयात बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी हाच कागद रोज ओळ न् ओळ वाचते. छापून आले ते बरोबरच असणार, असे ती धरून चालते. त्या विश्वासापोटी तिने उचललेल्या चुकांचे गुण परीक्षेत तिचेच कापले जातात, मालकाचे नव्हे.

तिसरी सबब पैशाची. कागद महागला, जाहिराती घटल्या, मुद्रितशोधक परवडत नाही. मग ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाला तो कोणत्या श्रीमंतीवर? १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ निघाले, तेव्हा त्याच्या पाठीशी कोणती भांडवलदार कंपनी होती? डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः रकानेच्या रकाने लिहीत होते, पदरमोड करत होते, आणि तरीही त्या पत्रांची मराठी धारदार, आखीव आणि विचाराला अचूक पकडणारी होती. कारण आपला वाचक शतकानुशतके अपमान सोसत आलेला आहे, त्याच्या हाती गबाळा कागद देणे हा आणखी एक अपमान होईल, अशी जाण त्यामागे होती. गरीब वाचकाला स्वच्छ मजकूर द्यायला पैसा नंतर लागतो, आधी त्याच्याबद्दल आदर लागतो. आजच्या मालकाला वाढदिवसाच्या रंगीत पुरवण्या परवडतात, पुढाऱ्यांच्या पानभर छायाचित्रांना शाई परवडते. न परवडणारा माणूस एकच, वाचून पाहणारा!

दर ६ जानेवारीला ही मंडळी पत्रकार दिन साजरा करतात. १८३२ साली त्या दिवशी ‘दर्पण’ सुरू करणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांच्या प्रतिमेला हार घालतात. ज्याला हार घालता, त्याने मुलांसाठी मराठी व्याकरणाचे पुस्तक लिहिले होते. १८४५ साली ज्ञानेश्वरीची शिळाछाप आवृत्ती संपादित केली होती. मराठीचा पहिला पत्रकार अक्षर न् अक्षर पारखणारा होता. त्याच्या काळी छापील मराठीचे लेखनसंकेत अजून घडत होते. आज तीही अडचण उरलेली नाही. साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२पासून उपलब्ध आहेत. मो. रा. वाळंबे, अरुण फडके, यास्मिन शेख यांनी आयुष्याची वर्षे खर्चून कोश आणि मार्गदर्शिका सिद्ध केल्या आहेत. काही नियमांवर जाणकारांत मतभेद आहेत; असोत. दोन रूपांतले एक निवडा आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेच पाळा. एवढेही होत नाही, कारण असे एखादे पुस्तक कार्यालयात आहे की नाही, हेच कोणाला ठाऊक नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा याच दैनिकांनी अभिमानाची पाने सजवली. त्या दिवसानंतर त्यांनी आपल्या कारभारात एक तरी गोष्ट बदलली काय?

सरकारने यात हात घालावा असे आम्ही म्हणत नाही. वर्तमानपत्राच्या शब्दांवर सरकारची नजर मागणे म्हणजे उद्या त्याच्या विचारांवरही ती ओढवून घेणे होय. हे घर संपादकांनीच साफ केले पाहिजे, आणि त्यासाठी समित्यांची गरज नाही. प्रत्येक दैनिकाने मुद्रितशोधक नेमावा, त्याला जगण्याजोगे वेतन द्यावे आणि त्याच्या सहीवाचून एकही पान यंत्रावर चढू देऊ नये. कार्यालयाची एक लेखनसूची असावी. तालुक्यातल्या गावांची आणि जिल्ह्यातल्या पदाधिकाऱ्यांची नावे तीत बिनचूक असावीत. कालच्या चुकांची दुरुस्ती आज, ठरावीक पानावर, ठरावीक जागी, दिसेल अशा अक्षरांत छापावी. आणि वाचकांनी गप्प बसणे सोडावे. चूक दिसली की तारीख आणि पान क्रमांक लिहून संपादकाला पत्र टाकावे; तीनदा पत्र लिहून दखल घेतली गेली नाही, तर वर्गणी बंद करावी. तुम्ही दान मागत नाही आहात. तुम्ही पैसे मोजले आहेत.

१८६७च्या छापखान्याच्या कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने वर्तमानपत्राच्या प्रत्येक प्रतीवर संपादकाचे नाव छापणे बंधनकारक केले. आतल्या मजकुराला कोणी तरी एक माणूस जबाबदार असावा, हाच त्याचा अर्थ. संपादक महाशय, ते नाव तेवढे कधी चुकत नाही. रोज बिनचूक छापले जाते. त्याच्या वरची आठ पानेही तुमचीच आहेत. ती वाचा आणि मग छापा. वाचायला माणूस ठेवणे जमत नसेल, तर छापणे बंद करा.