पेटी एक, खेळ अनेक

आमचं पिनबॉलचं वेड हे घरातलं जुनं दुखणं. बेसमेंटमध्ये एक मशीन आहे, दुसऱ्याचं नाव काढलं की सौभाग्यवती विचारतात, "आणि ठेवणार कुठे?"

म्हणून टेक्सासच्या मल्टिमॉर्फिक कंपनीचं पी-३ पाहिलं आणि आम्ही पाघळलोच! पेटी तीच ठेवायची, पटाचा वरचा भाग रॅम्प-टार्गेटांसकट काढून काही मिनिटांत दुसऱ्या खेळाचा बसवायचा. खालच्या भागात चक्क पडदा. त्यावरून पोलादी गोळी धावते, ती कुठे आहे हे मशीनला कळतं आणि तिच्याखालची चित्रं त्याप्रमाणे बदलतात. आपल्या मिक्सरसारखंच म्हणा ना: मोटर एक, भांडी वेगळी.

मग घेत का नाही? कारण १९९९ साल आम्ही विसरलेलो नाही. शिकागोच्या विल्यम्सने तेव्हा 'पिनबॉल २०००' काढलं होतं. काचेतल्या प्रतिबिंबामुळे मंगळवासी पटावरच उभे दिसत. त्यातही पट आणि प्रोग्रॅम बदलून नवा खेळ मिळायचा. दोन खेळ निघाले आणि त्याच ऑक्टोबरात कंपनीने पिनबॉलच बंद केलं! तिसऱ्याची वाट बघणारे बसले हात चोळत.

पी-३ मात्र २०१७ पासून लोकांच्या घरी पोचतंय आणि त्यावर नवे खेळ येत राहिलेत. हे आम्ही उत्साहाने घरी सांगितलं. उत्तर आलं, "मोटर आत्ता घ्याल हो, पण दहा वर्षांनी भांडी मिळतील का?"

प्रश्न चोख आहे. आम्ही तूर्त भाचेसाहेबांना टेप घेऊन बोलावलंय, जुन्या मशीनची जागा मोजायला.