माझं ६२१० आणि सगळ्यांचं ५८९३

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. माझे ऱ्हस्व-दीर्घ आई तपासून देते, तेही फोनवर, स्वयंपाक करता करता. तरी हा लेख इंग्लिश सेक्शनला न देता इथे देतेय, कारण ज्या भांडणातून तो निघाला ते भांडण मराठीत झालं होतं.

भांडण झालं मेसमध्ये, रविवारी, जेवण संपून ताटं सुकली तरी कुणी उठत नव्हतं तेव्हा. माझ्या रूममेटचं म्हणणं, विज्ञान म्हणजे वस्तुस्थिती. त्यात माणसाचं मत येतंच कुठे? पाणी १०० डिग्रीला उकळतं, मग तुम्ही कुणीही असा. समोर फायनल इयरच्या एक ताई होत्या. त्यांनी थॉमस कून यांचं १९६२ सालचं वैज्ञानिक क्रांत्यांवरचं पुस्तक नुकतंच वाचलं होतं. (नवीन पुस्तक वाचलेला माणूस आणि नवीन बाइक घेतलेला माणूस, दोघांपासून लांब राहावं.) त्या म्हणाल्या, काही वस्तुस्थिती वगैरे नसते गं, शास्त्रज्ञांना जे बघायला शिकवलेलं असतं तेच त्यांना दिसतं. बाकीच्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या, कारण मी एरवी बरीच बोलते. त्या दिवशी मात्र गप्प बसले. मला एकदम फर्स्ट इयरचं माझं फिजिक्सचं जर्नल आठवलं होतं.

न्यूटन्स रिंग्ज सगळ्यांनी केलंय. सोडियमचा दिवा, काचेवर ठेवलेली बहिर्गोल लेन्स आणि मायक्रोस्कोपमधून दिसणारी पिवळी-काळी वर्तुळं. वर्तुळांचे व्यास मोजायचे, लेन्सची वक्रता-त्रिज्या फळ्यावर लिहिलेली असते, १०० सेंमी, ती सूत्रात घालायची आणि प्रकाशाची तरंगलांबी काढायची. उत्तर ५८९३ अँगस्ट्रॉम यायला पाहिजे. मला आलं ६२१०.

पुन्हा मोजलं. ६१९० च्या आसपास. शेजारच्या टेबलावरची मुलगीही आकडेमोड खोडत होती, पण कुणी कुणाला विचारलं नाही. मग सगळे करतात तेच केलं. ५८९३ पासून उलटी गणितं करत व्यास काढले, दोन-तीन ठिकाणी मुद्दाम थोडं चुकवलं म्हणजे खरं वाटेल, आणि शेवटी ५८९१ लिहिलं. सही मिळाली. शेरा मिळाला, ‘गुड’.

म्हणजे ताईंचं खरंच झालं की! जे यायला पाहिजे होतं तेच मी आणलं. पण मला ते पटत नव्हतं. मी खोटं लिहिलं हे मला माहीत होतं, आणि खोटं लिहिलं असं म्हणायचं तर लिहिण्याजोगं दुसरं काहीतरी तिथे होतं असं मानावं लागतं.

मग लायब्ररीत बसून त्या ५८९३ च्याच मागे लागले. पहिला धक्का हा की सोडियमच्या दिव्यातून ५८९३ चा प्रकाश येतच नाही! त्यात अगदी जवळजवळ दोन ठळक पिवळ्या रेषा असतात, एक ५८९० ची आणि एक ५८९६ ची. आपलं प्रॅक्टिकल त्या दोघींना वेगळं करू शकत नाही, म्हणून दोघींची सरासरी धरायची. आख्खी बॅच ज्या आकड्यासाठी घाम गाळते तो आकडा म्हणजे निसर्ग आणि आपला मायक्रोस्कोप यांच्यातली तडजोड आहे. रूममेटला हे सांगितलं तर तिनं कानात हेडफोन घातले.

या दोन रेषांना डी-१ आणि डी-२ म्हणतात. फ्राउनहोफरनं १८१४ च्या सुमारास सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांना ए, बी, सी अशी अक्षरं दिली, त्यातली ही डी. सोडियमशी तिचं नातं पुढे १८५९ साली किर्खहॉफनं पक्कं केलं. तेव्हापासून वर्णपटात त्या जागी पिवळं दिसलं की सोडियम, हे सगळ्यांचं पाठ झालं. आपल्या ५८९३ सारखं.

१८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं, आपल्याच देशातून दिसलेलं. वर्णपट बघायचं यंत्र दुर्बिणीला जोडून लोक ठिकठिकाणी बसले होते. फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला होता, आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात होता लेफ्टनंट हर्शेल, प्रसिद्ध विल्यम हर्शेलचा नातू. सूर्य झाकला गेला, कडेला ज्वाळा दिसल्या, त्यांच्या वर्णपटात चमकदार रेषा दिसल्या आणि त्यात एक पिवळी-नारिंगी. कुणी ती डी म्हणून लिहिली, हर्शेलनंही तेच केलं. त्यांची चूक काढायला मला लाज वाटते. हातात जेमतेम पाच मिनिटं, पुन्हा असं ग्रहण कधी कुठे मिळेल याची खात्री नाही, आणि उत्तर आधीच पाठ. मला तर तीन तास मिळाले होते, पंख्याखाली.

ती रेषा डी नव्हती. ५८७६ च्या आसपास होती, डी-२ पासून १४ अँगस्ट्रॉम अलीकडे. हे पकडलं नॉर्मन लॉकियरनं. तो इंग्लंडच्या वॉर ऑफिसात कारकून होता आणि नोकरी सांभाळून आकाश बघायचा. ग्रहण नसतानाही सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट बघता येतो हे जान्सेननं गुंटूरला आणि लॉकियरनं लंडनला, दोघांनी वेगवेगळं शोधलं होतं. २० ऑक्टोबर १८६८ ला लॉकियरला ते जमलं, आणि मग त्याला घाई उरली नाही. ती पिवळी रेषा सोडियमच्या रेषांच्या जागेवर बसत नाही हे त्यानं निवांत बघितलं. तिला डी-३ म्हटलं गेलं. त्यानं फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाबरोबर प्रयोगशाळेत हायड्रोजनमधून ती काढायचा प्रयत्न केला, पण निघाली नाही. पृथ्वीवर कुणी न पाहिलेलं हे मूलद्रव्य, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम.

इथे थोडं विषयांतर. शाळेच्या सहलीत विजयदुर्गला गेलो होतो तेव्हा किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ दाखवले होते. लॉकियरनं इथेच उभं राहून हेलियम शोधला असं सांगितलं, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. आता वाचलं तर लॉकियर त्या ग्रहणाला हिंदुस्थानात आलाच नव्हता. तो आला पुढच्या ग्रहणाला, डिसेंबर १८७१ मध्ये, आणि बसला बेकलच्या किल्ल्यात. किल्ला पश्चिम किनाऱ्यावरचाच, पण केरळात. मला खरंच वाईट वाटलं. हेलियम आपल्या कोकणात सापडावा असं मलाही वाटत होतं, आणि वाटत होतं म्हणून इतकी वर्षं मी एकदाही तपासलं नाही.

परत लॉकियरकडे. हेलियमच्या शेवटी ‘इयम’ का? सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमसारखं? कारण हा एखादा धातू असणार असं लॉकियरला वाटलं. त्याच्या कुटुंबातले पुढे सापडलेले वायू बघा, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन. हाच एकटा धातूचं नाव घेऊन फिरतोय. १८९५ साली रॅम्झे क्लीव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजातून आर्गॉन मिळतो का बघत होता, आणि त्याला ती पिवळी रेषा दिसली. क्रुक्सनं मोजून सांगितलं, डी-३ च आहे. २७ वर्षांनी. नाव चुकलं होतं, धातूचा अंदाज चुकला होता, पण रेषा त्याच जागी होती, सूर्यावरही आणि काचेच्या नळीतही.

हे मी मेसमध्ये दुसऱ्या रविवारी सांगितलं आणि मला वाटलं जिंकले. ताई म्हणाल्या, मग कोरोनियमचं काय?

मला माहीत नव्हतं. ७ ऑगस्ट १८६९ ला अमेरिकेत खग्रास ग्रहण झालं. यंग आणि हार्कनेस या दोघांना सूर्याच्या प्रभामंडळात एक हिरवी रेषा दिसली, ५३०३ अँगस्ट्रॉमच्या आसपासची. पृथ्वीवरच्या कुठल्याच माहीत असलेल्या पदार्थाशी ती जुळेना. मग काय, हेलियमचाच न्याय, नवीन मूलद्रव्य! नाव कोरोनियम. तीच पद्धत, तसेच प्रामाणिक लोक, तितकीच खरी रेषा. आणि उत्तर साफ चूक. १९४० च्या सुमारास एडलेननं दाखवलं की ती रेषा साध्या लोखंडाची आहे, फक्त १३ इलेक्ट्रॉन निघून गेलेल्या लोखंडाची. तसं व्हायला दहा लाख डिग्रीच्या वर तापमान लागतं, आणि प्रभामंडळ इतकं तापलेलं असेल असं त्याआधी कुणाच्या मनात आलं नव्हतं. मन तिथपर्यंत जात नव्हतं म्हणून लोखंड दिसत नव्हतं.

तर ताईंना अर्धे मार्क. रेषेला काय म्हणायचं, तिचा अर्थ काय लावायचा, यात माणूस, त्याचा काळ आणि त्याचं यंत्र असं सगळं येतं. सगळ्यांचं एकमत झालं म्हणून अर्थ बरोबर ठरत नाही. पण रूममेटचेही अर्धे मार्क मी कापणार नाही. ५३०३ ही जागा कुणाच्या मतानं हलली नाही. ती नीट मोजून लिहून ठेवली होती म्हणूनच एडलेनला काहीतरी करता आलं. मोजणाऱ्यांनी तो आकडा सोयीचा करून एखाद्या ओळखीच्या रेषेला कायमचा चिकटवला असता तर?

इथे मला माझं ६२१० पुन्हा टोचायला लागलं. गेल्या महिन्यात फिजिक्स लॅबमध्ये गेले. लॅब असिस्टंट काकांनी लेन्स काढून दिली, आणि मी स्फेरोमीटरनं तिची त्रिज्या मोजली. १०६ सेंमी आली! फळ्यावरच्या १०० नं नाही, १०६ नं भागायला पाहिजे होतं. घाईघाईत हिशोब केला तर उत्तर ५८५८. म्हणजे तेही ५८९३ नाही. शिवाय इतक्या सपाट लेन्सला स्फेरोमीटर फार बारीक मोजत नाही, त्याचा एक भाग इकडे-तिकडे झाला की चार सेंमीचा फरक पडतो. म्हणजे लेन्स १०२ ची असेल किंवा ११० ची. आणि मला नीट आठवतंय, त्या दिवशी मायक्रोस्कोपचा स्क्रू मी एकदा उलटाही फिरवला होता. चूक लेन्सची की हाताची, छातीठोकपणे नाही सांगू शकत.

एक मार्ग होता. हाताची चूक प्रत्येकाची वेगळी असते, कुणाचं उत्तर वर जाईल, कुणाचं खाली. लेन्स चुकली असेल तर सगळ्यांची उत्तरं एकाच बाजूला ढकलली जातील. म्हणून काकांना जुनी जर्नलं मागितली. त्यांनी कपाट उघडलं, धूळ झटकली. त्याच टेबलावर, बहुधा त्याच लेन्सनं केलेली तीसेक जर्नलं मी चाळली. ५८९३. ५८८९. ५८९३. ५८९७. ५८९३. सहा हजारांच्या वर एकही नाही. सगळ्यांना ‘गुड’.

तीस जणांनी तीन-तीन तास बघितलं, आणि त्या लेन्सबद्दल त्या कपाटात एका ओळीचीही माहिती नाही. माझं जर्नल त्यातच आहे.

सरांना जाऊन सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “आम्हीही असंच लिहायचो.” मी विचारलं, आलेला आकडा तसाच लिहिला तर मार्क कापणार का? तर म्हणाले, “आधी दहा जणांचे आकडे आणून दाखव. मग बोलू.”

तर फर्स्ट इयरवाल्यांनो, तुमचं हे प्रॅक्टिकल पुढच्या महिन्यात आहे. जर्नलमध्ये काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. पण खरं रीडिंग खोडायच्या आधी एका कागदावर उतरवून ठेवा, टेबल नंबरसकट. मुलींच्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डाशेजारी एक वही दोरीनं बांधून ठेवतेय, मुलांनी मेसच्या काउंटरवर चिठ्ठी दिली तरी चालेल. नाव लिहू नका. पहिलं रीडिंग मी लिहून ठेवलंय, टेबल नंबर ४, ६२१०.